रेसच्या कार्डातला वजनाचा हिशोब कसा धरायचा? (पुणे / मुंबई / बेंगळूर)

खानापूरचा_गडी:
मंडळी नमस्कार, विषय जरा वेगळा हाय. शर्यत म्हटलं की आपल्या भागात बैलगाडी नाहीतर घोडागाडी, यात्रेत ती बघतच वाढलोय, पण हे क्लबातलं पुणे-मुंबई-बेंगळूरचं घोड्यांचं रेसिंग मी आता कुठं बघायला लागलोय. पैसे लावायचा विषय नाही (आमच्या बाबांचं रेस हा शब्द ऐकला तरी बीपी वाढतंय), मला नुसतं कार्ड (त्या दिवशीच्या रेसा, घोडे, वजनं छापलेलं असतं ते) घेऊन बसायला आणि कोण येईल याचा अंदाज बांधायला आवडायलंय.

अडतंय ते वजनात. रेटिंग म्हणजे क्लबचा हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला जे गुण देतो ते, त्याचा एक पॉईंट म्हणजे अर्धा किलो, जास्त रेटिंगवाल्याच्या पाठीवर जास्त वजन, म्हणजे सगळे एका लायनीत येणार, इथपर्यंत डोक्यात शिरलं. मग कार्डात तळाला जे ४९-५० किलोवाले असतात तेच पुढं यायला पाहिजेत नव्हं? ओझंच नाही पाठीवर. पण बघावं तर ५८-६० वाला जिंकून जातोय आणि ४९ वाला शेवटून दुसरा. आणि गेल्या रेसला ५२ वर जिंकलेला घोडा या वेळी ५६ वर परत जिंकला, मग ते चार किलो वाढवून हँडिकॅपरनं केलं काय? कुणी नीट समजावून सांगेल काय. आणि खानापूरला बसून पुणं फॉलो करावं की बेंगळूर, हे पण सांगा.

टिळकवाडी_काका:
अरे बाबा, तळाचा घोडा तळाला का आहे ते आधी बघ. त्याला ४९ दिलंय ते लाडानं नव्हे, बाकीच्यांच्या मानानं हा मंद आहे असं हँडिकॅपरचं मत आहे म्हणून. कार्डातलं वजन म्हणजे हँडिकॅपरचं मत, फक्त किलोत लिहिलेलं. ते मत बहुतेक वेळा बरोबर असतं कारण त्या माणसाचा तो पोटापाण्याचा धंदा आहे, तो प्रत्येक रेस बघतो, परत परत बघतो. आपण एवढंच शोधायचं की या रेसमध्ये त्याचं मत कुठल्या घोड्याबद्दल मागं राहिलंय. तसं काही सापडलं नाही तर ती रेस सोडून द्यायची, प्रत्येक रेसला मत पाहिजेच असं कुणी सांगितलंय?

आता हिशोब. लेंग्थ म्हणजे घोड्याची एक लांबी, साधारण २.४ मीटर. जुन्या लोकांचा ठोकताळा असा की हजार मीटरच्या रेसला एक लेंग्थ म्हणजे सव्वा ते दीड किलो, १६०० ला किलोच्या थोडं आत, आणि २८०० सारख्या लांबच्या रेसला अर्धा किलोच्या आसपास. अंतर वाढेल तसं तेच ओझं जास्त लांब वाहायचं असतं म्हणून. समज १६०० मीटरला एक तांबडा आणि एक काळा घोडा दोघे ५६ वर पळाले आणि तांबड्यानं काळ्याला दोन लेंग्थनं मारलं. म्हणजे तांबडा साधारण १.८ किलोनं चांगला. हँडिकॅपरनं तांबड्याचे आठ पॉईंट वाढवले, म्हणजे चार किलो, काळा होता तिथंच. पुढच्या वेळी दोघं परत भेटले तर कागदावर काळा दोन किलोनं पुढं, म्हणजे दोन लेंग्थला थोडं वर. इथपर्यंत कुणीही पेन्सिल घेऊन काढतंय.

पण तांबडा त्या दोन लेंग्थ कशा जिंकला? जॉकीनं शेवटच्या दोनशे मीटरला चाबूक काढला होता की लगाम हातात धरून नुसता बसला होता? नुसता बसला असेल तर त्या दोन लेंग्थ म्हणजे खऱ्या पाच पण असतील, आणि हँडिकॅपरनं त्याच अंदाजानं आठ पॉईंट वाढवलेत. तुझा ५२ वरनं ५६ वर जिंकलेला घोडा असाच असणार, तो अजून वर चढायलाय आणि रेटिंग त्याच्या मागनं धावायलंय. तीन वर्षांच्या घोड्यांत हे फार बघायला मिळतं, त्यांची वाढ चालू असते.

आणि वजन म्हणजे नुसता जॉकी नव्हे बरं का. जॉकी खोगिरासकट काट्यावर बसतो, कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालून पूर्ण करतात, आणि रेस झाल्यावर नंबरात आलेल्यांना परत काट्यावर बसावं लागतं. आपल्या शर्यतीत गाडीवानाला कोण तोलतंय?

निपाणी_रेंजर:
काकांचं बरोबर हाय, पण क्लासचं सांगायचं ऱ्हायलं आणि मर्दा खरी गंमत तिथंच हाय.

पुण्या-मुंबईला रेटिंगनुसार क्लास असत्यात, चौथा क्लास २० ते ४६, तिसरा ४० ते ६६, दुसरा ६० ते ८६, त्याच्या वर पहिला आणि तळाला पाचवा. नीट बघ, ४० ते ४६ वाला घोडा चौथ्यात पण बसतोय आणि तिसऱ्यात पण. आता वरचं वजन ६२ धर. ४६ रेटिंगचा घोडा चौथ्या क्लासात पळाला तर त्यो सगळ्यात वर, ६२ किलो. त्योच घोडा तिसऱ्या क्लासात पळाला तर ६६ वाल्यापेक्षा वीस पॉईंट खाली, म्हणजे ५२ किलो. घोडा त्योच, रेटिंग तेच, दहा किलोचा फरक. मग नवशिके काय करत्यात, ५२ बघून उड्या मारत्यात. अरं पण समोर कोण हाय ते बघ की, चौथ्यात ज्यांना तू मारलंस त्यांच्यापेक्षा ही जात वेगळी, ह्यांचा वेगच वेगळा, पहिल्या सहाशे मीटरलाच दम काढत्यात.

मला विचारशील तर उलटा घोडा शोधायचा. तिसऱ्या क्लासात पाच-सहा रेसा मार खाल्लाय, पण लई लांब नाही, तीन-चार लेंग्थच्या आत आलाय, दर वेळी हँडिकॅपरनं दोन-तीन पॉईंट उतरवलेत, आणि आता घसरत घसरत चौथ्या क्लासात आलाय. कार्डात त्याच्या नावापुढं मागच्या रेसांचे नंबर दिसत्यात ६, ५, ७, ५, लोक म्हणत्यात हा गेला कामातनं. वजन दिसतंय ६१, लोक म्हणत्यात एवढं ओझं. आणि त्यो आरामात जिंकतोय कारण हितं त्याच्या तोडीचं कोणच नाही. जड घोडा जिंकतोय तो असाच, खानापूरचे पावणे.

फक्त एक बघायचं, पायात दुखणं हाय म्हणून घसरलाय की काय. लई दिवस गॅप पडून आला असंल तर जरा लांबच ऱ्हायचं.

सदाशिवनगरकर:
हे सगळं ठीक आहे, पण शेवटी जुगारच ना हा? किलो आणि लेंग्थ मोजून कोण बंगला बांधलंय सांगा बघू. माझ्या मावसभावाला एका टिपवाल्याच्या ग्रुपमध्ये कुणीतरी ओढलं होतं. हा बाबा काय करायचा, वेगवेगळ्या ग्रुपला वेगवेगळा घोडा सांगायचा, आठ घोड्यांची रेस असेल तर आठ ग्रुप, कुठल्यातरी एका ग्रुपला तर बरोबर लागणारच, मग तो स्क्रीनशॉट बाकीच्या सगळ्यांना पाठवून पुढच्या आठवड्याची फी मागायची. यात घोड्याचा अभ्यास कुठं आला?

आणि टॅक्स बघा. आधी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. एका डावात दहा हजारावर जिंकलं तर ३० टक्के टीडीएस वेगळा कापतात, आणि हरलेले पैसे जिंकलेल्यातनं वजा करता येत नाहीत. म्हणजे वर्षभरात बरोबरीत सुटलेला माणूस पण टॅक्स भरूनच घरी येणार. पोरा, तू पैसे लावत नाहीस हेच शहाणपण आहे, तसाच राहा.

टिळकवाडी_काका:
@सदाशिवनगरकर साहेब, टॅक्सचं तुमचं शंभर टक्के मान्य, आणि टिपवाल्यांचं तर दोनशे टक्के. पण नुसता जुगार म्हणू नका. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं तमिळनाडूच्या खटल्यात घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ म्हटलंय, घोड्याची जात, तयारी, जॉकी, अंतर हे सगळं अभ्यास करून ताडता येतं म्हणून. आता कौशल्याचा खेळ आहे म्हणून नफा होतो असं नाही हं, तेवढं कोर्टानं सांगितलेलं नाही. पोरगं कागदावर खेळायलंय, खेळू द्या की.

मॅजेस्टिकचा_बेळगावकर:
मी बेंगळूरला नोकरीला आहे त्यामुळे जायला मिळतं. खानापूर भावा, पुणं की बेंगळूर याचं उत्तर सोपं आहे, एकच सेंटर धर. प्रत्येक क्लबचा हँडिकॅपर वेगळा, क्लासचे आकडे वेगळे, बेंगळूरचा ४० रेटिंगचा घोडा आणि पुण्याचा ४० चा घोडा एक समजून हिशोब केलास तर सगळं गणित बोंबललं. पावसाळ्यात पुणं आणि हिवाळ्यात मुंबई ही एकच जोडी आहे, घोडे तेच, ट्रेनर तेच, हँडिकॅपर तोच, त्यामुळे जवळजवळ वर्षभर तीच मंडळी ओळखीची राहतात. सप्टेंबरात पुण्याला इंडियन सेंट लेजर २८०० मीटरची, फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला डर्बी २४०० ची. बेंगळूरला उन्हाळी आणि हिवाळी असे दोन सीझन. प्रत्यक्ष बघायचं असेल तर मात्र बेंगळूर सोयीचं, राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये रात्री झोपायचं, सकाळी उतरायचं, स्टेशनपासून रेसकोर्स दोनेक किलोमीटर, रिक्षावाल्याशी वाद घालेपर्यंत चालत पोचतोस. कोल्हापूरला जाऊन काय फायदा नाही, तिथं रेसकोर्स नाका आहे पण रेस नाही 😄

आता वजनाबद्दल. मला विचाराल तर वजनावर आपण फार वेळ घालवतो. माझं पहिलं लक्ष पेसवर, म्हणजे रेस किती वेगानं पळवली जाईल त्यावर असतं. कार्ड घेतलं की आधी बघायचं यात पुढं पळणारे किती. एकच असेल तर तो मोकळा सुटतो, आपल्या मर्जीनं हळू पळवतो, दम राखतो आणि शेवटच्या चारशेला मागच्यांना पोचता येत नाही. तसलेच तीन-चार असले की एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागनं येणाऱ्याची चांदी. आता काकांच्या त्या दोन लेंग्थ अशा एकट्या मोकळ्या सुटलेल्या घोड्याच्या असल्या तर त्यावरनं काढलेला १.८ किलोचा आकडा काय कामाचा?

दुसरं ट्रॅक. पुण्याला पावसात ट्रॅक मऊ होतो, किती मऊ ते पेनेट्रोमीटरनं मोजून जाहीर करतात, तो आकडा लोक वाचतच नाहीत. कोरड्या ट्रॅकवर उडणारे काही घोडे मऊ जमिनीत अक्षरशः चालायला लागतात. फॉल्स रेल, म्हणजे आतल्या बाजूचं तात्पुरतं कुंपण, किती मीटरवर लावलीय ते पण बघ. ड्रॉ, म्हणजे सुरुवातीच्या गेटातला नंबर, तो पण बघ, पुणे-मुंबईला घोडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पळतात, एक नंबरचा ड्रॉ आतल्या कुंपणाला चिकटून, वळण आतनं कमी अंतर पडतं पण मोठ्या फील्डमध्ये तिथंच कोंडून पण पडतो.

तिसरं सकाळचं ट्रॅकवर्क, हे छापून येतं. ६००/४० मूव्ह्ड फ्री असं लिहिलेलं असतं, म्हणजे शेवटचे सहाशे मीटर चाळीस सेकंदात, मोकळेपणानं. एखाद्यानं ६००/३६ केलं म्हणून खूश होऊ नको, पुढं अर्ज्ड लिहिलंय काय बघ, म्हणजे जॉकीनं ढकलून ढकलून काढलंय. ४० ईझी मला ३६ अर्ज्डपेक्षा केव्हाही बरं वाटतं.

चिकोडी_व्हेट:
मी जनावरांची डॉक्टर, रोजचं काम म्हशी-गायींचं, पण शिकताना घोड्यांवर थोडं काम केलंय आणि रेस बघायची आवड आहे. सगळ्यांनी कागदाचं सांगितलं, मी घोड्याचं सांगते.

रेसच्या आधी पॅडॉकमध्ये घोडे गोल फिरवतात, मोबाईलवर पण दाखवतात, ती पाच-दहा मिनिटं चुकवू नका. मानेवर थोडा घाम चालतो, उन्हात येणारच, पण मागच्या मांड्यांच्या मधोमध पांढरा फेस धरलेला दिसला, शेपूट सारखं आपटतोय, मोतद्दाराला ओढून नेतोय, तर त्या घोड्यानं निम्मी ताकद तिथंच घालवली असं समजा. चांगला घोडा शांत पण जागा असतो, कान पुढं, पाऊल लांब, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्या पुढं पडतो. कातडी चकचकीत आणि बरगड्या जेमतेम दिसतील अशी पाहिजे. पोट सुटलेलं दिसलं तर लांब सुट्टीवरनं आलाय आणि एखादी रेस अंगात घेऊनच तयार होईल.

कार्डात बारीक अक्षरांत इक्विपमेंट असतं ते पण वाचा. ब्लिंकर्स म्हणजे डोळ्यांच्या बाजूला वाट्या, घोड्याला बाजूचं-मागचं दिसू नये म्हणून, पहिल्यांदा लावले असतील तर काही घोडे एकदम सुधारतात, काही बिथरून सुरुवातीलाच दम संपवतात. टंग स्ट्रॅप जीभ बांधायला, पळताना जीभ मागं सरकून श्वास अडू नये म्हणून. नाल स्टीलची की अॅल्युमिनियमची ते पण असतं, अॅल्युमिनियम हलकी. आणि मागच्या रेसला नाकातनं रक्त आलं होतं असं कुठं वाचलंत तर सावध, जोरात पळताना फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, विश्रांतीनं बरं वाटलं तरी परत होण्याची शक्यता राहते.

आणि निपाणीच्या दादांना एक, पडत्या रेटिंगचा प्रत्येक घोडा क्लासमुळे पडत नाही हो, निम्मे सांध्यांनी पडतात. पॅडॉकमध्ये पुढचे पाय आखडून टाकतोय काय ते बघा आणि मग चौथ्या क्लासाचं गणित मांडा.

निपाणी_रेंजर:
डॉक्टर, मान्य. पायाचं मी वर बोललोय की, पण आमाला ते फोनवर दिसत न्हाई, तुमाला दिसतंय 🙏

खानापूरचा_गडी:
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे लई आभार. वजन म्हणजे हँडिकॅपरचं मत, हे काकांचं वाचलं आणि ट्यूब पेटली. एकच विचारतो, समजा मी पुणे-मुंबई धरलं, तर हे सगळं, क्लास, पेस, ट्रॅक, ट्रॅकवर्क, पॅडॉक, एका रेसला किती वेळ घालवायचा ओ? माझं दुकान हाय, रविवारी दुपारीच काय ते मोकळं. आणि शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते म्हणतात ती धरायची की नाही?

टिळकवाडी_काका:
सगळ्या रेसा कशाला करतोस. दिवसाला सात-आठ रेसा असतात, त्यातली एक निवड, हँडिकॅप असलेली, आठ ते दहा घोड्यांची, १२०० ते १६०० मीटरची. टर्म्सच्या (अटींवर वजन ठरतं त्या) रेसा आणि डर्बी-गिनीजसारख्या मोठ्या रेसा सध्या नुसत्या बघ, तिथं वजन रेटिंगवर नसतं, डर्बी-गिनीजला तर सगळ्या नरांना एकच, माद्यांना थोडं कमी, त्यामुळे तिथं हा खेळच चालत नाही, जो चांगला तो चांगला. पहिल्यांदाच पळणाऱ्या पोरसवदा घोड्यांची रेस तर सोडच, तिथं ट्रेनरलाच माहिती असतं आणि तो सांगत नाही.

शनिवारी रात्री दुकान बंद झालं की कार्ड घेऊन बस. वजन आणि रेटिंगच्या कॉलमवर कागद ठेवून झाकून टाक. मग प्रत्येक घोड्याच्या शेवटच्या तीन रेसा बघ, कुणाबरोबर पळाला, किती लेंग्थनं मागं, कुठल्या क्लासात, ट्रॅक कसा, आणि तूच त्यांना वजन दे, सगळ्यात चांगला वाटेल त्याला ६२ आणि तिथनं खाली उतरत ये. झालं की कागद काढ. जिथं तुझा आकडा आणि हँडिकॅपरचा आकडा दोन किलोच्या आत आहे तिथं बोलायचं काही नाही. तू ५८ दिलंस आणि त्यानं ५३ दिलंय असा घोडा सापडला की तिथं थांब. एकतर त्याला काहीतरी माहिती आहे जे तुला नाही, नाहीतर तुला काहीतरी दिसलंय. कुठलं ते रेसची फिल्म परत बघून कळतं, रविवारी संध्याकाळी क्लबवाले टाकतात ती शांतपणे बघायची, आणि जिंकणाऱ्याकडं नाही, तुझ्या त्या एका घोड्याकडं बघायचं, गेटपासून शेवटपर्यंत.

शिकाऊची सूट धरायची, ती पाठीवरनं खरंच कमी होते. पण सूट का मिळते, तर हात अजून बसलेला नाही म्हणून. सरळ हजार मीटरच्या झटपट रेसला, पुढं पळणाऱ्या सोप्या घोड्यावर असला पोरगा चांगला. मागनं गर्दीतनं वाट काढत यायच्या घोड्यावर, वळणाच्या रेसला, मी ती सूट हिशोबात धरत नाही. तिथं मला चांगला सीनियर जॉकी आणि पूर्ण वजन चालतं.

मॅजेस्टिकचा_बेळगावकर:
कागद झाकायची आयडिया भारी आहे काका, मी करून बघतो. फक्त पेसचा एक कॉलम त्यात वाढवा हो, पुढं पळणारा, मधला, मागचा, एवढं एकेक अक्षर लिहिलं तरी पुरतं.

टिळकवाडी_काका:
वाढवा की. मी पु, म, मा असं लिहितो नावाच्या डावीकडं.